गलीनाचं ग्रँट यांचं विटांचं घर, जुन्या नाशकातल्या माणसाने बघावंच असं

पाचपैकी पाच स्टार, आणि हे मी जुन्या वाड्यात वाढलेली बाई म्हणून देतेय, टूरिस्ट म्हणून नाही.

आमचा वाडा तिवंध्याजवळ, सागवानी खांब, पांढऱ्या मातीच्या आणि विटांच्या भिंती, अजून उभा आहे. दादा अमेरिकेत शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो, आईला घेऊन त्याच्याकडे गेले होते, शिकागोच्या उंच बिल्डिंगा दोन दिवस बघून झाल्यावर आई म्हणाली, "अरे इथे कुणाचं जुनं घर नाही का रे बघायला?" मग दादाने गलीना हे इलिनॉयमधलं छोटं गाव काढलं. शाळेत शिशाचं खनिज गॅलेना म्हणून शिकलो ना, तेच नाव, कारण गावच शिशाच्या खाणींवर उभं राहिलं. शिकागोहून गाडीने तीन तास तरी धरा, ट्रेन नाही.

घर आहे युलिसिस ग्रँट यांचं, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे सेनापती आणि नंतर १८६९ ते १८७७ राष्ट्राध्यक्ष. पण मला धरून ठेवलं ते त्याच्या आधीच्या गोष्टीने. १८६० मधे हा माणूस बायकापोरांना घेऊन गलीनाला आला तेव्हा सैन्य सोडलेलं, शेती जमली नव्हती, वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला लागला आणि भाड्याच्या घरात राहिला. वर्षभरात युद्ध सुरू झालं. आणि १८६५ च्या ऑगस्टमधे तो परत आला तेव्हा अख्खं गाव मिरवणुकीला रस्त्यावर, आणि गावातल्या काही मंडळींनी पैसे घालून विकत घेतलेलं हे घर त्याच्या हातात दिलं. पाच वर्षांत एवढं! आई हे ऐकून तिथेच जिन्याच्या कठड्याला हात लावून उभी राहिली, म्हणाली, "गावाने दिलेलं घर म्हणजे माहेरच झालं की गं."

घर बांधलेलं १८६० चं, त्यांच्यासाठी नाहीच, गावातल्या दुसऱ्याच एका गृहस्थासाठी. दोन मजली, लाल विटा, बाहेर आलेल्या रुंद वळचणी आणि त्यांच्याखाली कोरीव लाकडी ब्रॅकेट, त्या काळी तिकडे ही इटालियन धाटणी फॅशनमधे होती. आपल्या वाड्यात रस्त्याकडे तोंड बंद आणि आत चौक मोकळा असतो, इथे उलटं, सगळं वैभव बाहेरच्या अंगाला आणि पुढे व्हरांडा. पण आत गेल्यावर खोल्या बेताच्याच, बैठकीची खोली, जेवणाची, स्वयंपाकघर, वर झोपायच्या. सामान बरंचसं ग्रँट कुटुंबाचं स्वतःचं आहे, जेवणाच्या खोलीत तर व्हाइट हाउसमधे वापरलेली भांडी आहेत. वापरलेल्या वस्तू कळतात हो, कडा झिजलेल्या असतात.

सगळ्यात आवडलं ते हे, की घर "जुन्या काळचं" असं मोघम नाही ठेवलेलं. १९०४ मधे मुलांनी ते गावाला दिलं, पुढे राज्य सरकारकडे गेलं, आणि १९५० च्या दशकात दुरुस्ती करताना ठरवलं की १८६८ साली घर जसं होतं तसं करायचं. एकच साल! आपल्याकडे जुनं सांभाळायचं म्हटलं की एक ट्यूबलाइट, एक पेव्हर ब्लॉक, एक ऑइल पेंट असं सगळ्या सालांचं एकत्र होतं, आणि मग नक्की काय सांभाळलं हे कुणालाच सांगता येत नाही.

घर नदीच्या पलीकडे टेकडीवर आहे, आणि मेन स्ट्रीट अलीकडे खाली. पायी पुलावरून जाता येतं, नक्की जा, कारण तिथे मेन स्ट्रीटच्या टोकाला मोठे पूरदरवाजे दिसतात, नदी चढली की बंद करायचे. आईला लगेच आपल्या गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आठवली, पाणी कमरेला लागलं की छातीला यावर सराफ बाजारातल्या दुकानदारांची धावपळ ठरते ना, तसंच.

आणि अख्खा रस्ता विटांच्या जुन्या इमारतींचा, एकामागे एक. याचं कारण कळलं तेव्हा मी गप्प झाले. शिसं कमी झालं, नदी गाळाने भरत गेली आणि बोटी येईनात, धंदा दुसरीकडे गेला, गाव तीन-साडेतीन हजार लोकांचं उरलं. पाडून नवीन बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता म्हणून घरं राहिली. मग नंतर लोकांना त्यांची किंमत कळली. आपल्याकडे गावठाणात पैसा आला आणि वाडे चालले, दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांच्या नोटिसा, मग एखादी भिंत बसते, मग बिल्डर.

मी मात्र बराच वेळ बाहेर भिंतीच्या दरजांकडेच, म्हणजे विटांमधल्या सांध्यांकडेच बघत होते. १८६० ची वीट म्हणजे चुन्यातच बसवलेली असणार, अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट बनायला लागलं तेच १८७० नंतर. चुना मऊ असतो, भिंतीत शिरलेलं पाणी दरजांतून बाहेर पडतं. दरज सिमेंटने भरली की पाणी विटेतच कोंडतं, क्षार फुटून लोणा लागतो, विटेचं तोंड सुटतं, आणि तिकडे तर थंडीत आत पाण्याचा बर्फ होऊन वीट फुटते. तिकडचं सरकारी खातं, नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणूनच जुन्या विटांना विटेपेक्षा मऊ, चुना जास्त असलेला माल वापरा असं सांगतं. आमच्याकडे एका ठेकेदाराने आठ वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला "मजबूत होईल" म्हणून सिमेंटचा गिलावा केला, आम्ही पण मान डोलावली, आता तिथे नखाने विटेची भुकटी निघते. हे मला गलीनाच्या अंगणात उभं राहून इतकं लख्ख समजलं की डोळ्यात पाणी आलं.

जाणाऱ्यांनी वेळा आधी बघून जा, रोज उघडं नसतं. तिकीट सक्तीचं नाही, देणगी ठेवायची, भरपूर ठेवा. टूरच्या गर्दीत एकदाच फिरू नका, नंतर बाहेरून चारी बाजूंनी चक्कर मारा.

दिवाळीनंतर तो गिलावा काढून घेणार आहोत. नाशकात किंवा सिन्नर, त्र्यंबककडे अजून दगडी चाकाच्या घाणीत चुना मळून काम करणारे गवंडी कुणाच्या माहितीत असतील तर प्लीज कळवा, लांबचे असले तरी चालतील, राहायची सोय वाड्यातच करू.