लाइट गेली तरी वॅट चालूच होते : वीज मॉनिटरच्या नावाखाली माझे ९,५४९ रुपये गेले

एकूण ९,५४९ रुपये, घरात किती वीज जळते ते मोबाइलवर दाखवणाऱ्या एका डब्यापायी. आधी २,००० रोख, मग ४,५०० फोनवरून, बसवायचे ३५०, ॲपची वर्षाची वर्गणी १,२०० आणि शेवटी कॅलिब्रेशनचे, म्हणजे मीटर बरोबर मोजतो का ते तपासायचे म्हणून १,४९९. सगळं वहीत लिहिलेलं आहे. आठ वर्षांपासून बचत गटाचा हिशेब माझ्याकडे आहे आणि आजवर एका रुपयाचा घोळ झालेला नाही. त्यामुळेच हे लिहिताना मान खाली जाते. त्यात माझ्या शब्दावर गटातल्या दोघींनी तोच डबा बसवून घेतला. त्यांचे प्रत्येकी ८,०५० गेले.

दारावर आलेल्या माणसाकडून घ्यायचंच कशाला, असं मला आतापर्यंत दहा जणांनी ऐकवलं. त्यांनी लातूरच्या उन्हाळ्यात घर चालवून बघावं. कूलर रात्रभर, बोअरची मोटर दिवसातून दोनदा, फ्रिज तर बंद करताच येत नाही. मार्चचं बिल १४१ युनिटचं, एप्रिलचं २१२. शंभराच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर चढतो, हे प्रत्येक बाईला पाठ आहे. त्यातच गल्लीत नवीन मीटर बसले आणि जो तो म्हणायला लागला, "मीटर लई पळूलालंय." अशा वेळी घरातली कोणती वस्तू किती वीज खाते हे बघावंसं वाटलं, यात माझं काय चुकलं? मी फुकट वीज मागत नव्हते. मॉनिटर ही वस्तू काही खोटी नाही, चांगल्या कंपन्यांचे खरे मॉनिटर मिळतात. खऱ्या वस्तूच्या नावावर खोटी गळ्यात मारली, याचा जास्त संताप येतो.

मे महिन्याच्या तीन तारखेला तो आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं अगदी आदबशीर. "ताई, कंपनीकडून आलोय." कोणती कंपनी, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. वीज कंपनीचाच माणूस असेल असं मी धरून चालले. कंपनीबाबत तो खोटं बोललाच नाही, मला समजायचं ते समजू दिलं. ही त्यांची पद्धत ध्यानात ठेवा. "कंपनी" म्हटलं की तिथल्या तिथे पूर्ण नाव विचारा आणि ओळखपत्राचा फोटो काढा. फोटोला नाही म्हटला तर दार लावून घ्या.

त्याने मेन स्विचच्या बोर्डाशेजारी राखाडी डबा बसवला. डब्यातून निघालेल्या काळ्या वायरच्या टोकाला कपड्याच्या चिमट्यासारखा क्लॅम्प होता, तो आतल्या वायरीवर अडकवला. मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. आकडे नाचायला लागले. कूलर लावला की आकडा वर, बंद केला की खाली. आता समजतं की कूलरचं बटण दाबायच्या वेळेस तो दरवेळी स्वतःच्या टॅबवर काहीतरी करत होता. शिवाय म्हणाला, यात सेव्हर पण आहे, तीस टक्के बचत होईल. असल्या सेव्हरमध्ये नुसता कपॅसिटर नावाचा भाग असतो. घरगुती बिल युनिटवर येतं, कपॅसिटर लावून युनिट कमी होत नाहीत. हे मला आज माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

आता जिथे मी शहाणी व्हायला पाहिजे होते, ते सांगते. चौथ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास लाइट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. पंखा हळूहळू थांबला, फ्रिजची घरघर बंद झाली, घर एकदम शांत झालं. मी पदराने वारा घेत बसले होते, मोबाइल हातात होता, सहज ॲप उघडलं. ३१२ वॅट. मग ३१८. मग ३०९. डोळ्यांदेखत आकडे बदलत होते. घरात एक बल्ब चालू नाही आणि ॲप सांगतंय की ३०९ वॅट जळतायत. मी लगेच त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आत बॅटरी असते, आणि सर्व्हरवरचा डेटा मागून येतो." आणि मी "बरं दादा" म्हणून फोन ठेवला. बॅटरीवर डबा चालेलही, पण घरात वीजच नाही तर वॅट कुठले? हा प्रश्न माझ्या मनात आला होता. आला होता, आणि मी तो गिळला, कारण ६,८५० रुपये आधीच जाऊन बसले होते आणि शेजारच्या काकूंना मी कौतुकाने ॲप दाखवून झाले होते. त्या दुपारी मी बोलले असते तर वर्गणीचे १,२०० आणि कॅलिब्रेशनचे १,४९९ वाचले असते, त्या दोघींचे १६,१०० वाचले असते. रात्री झोप लागत नाही ती या एका फोनमुळे.

दुसरी खूण मोटरची. आमची बोअरची मोटर एक एचपीची आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि प्रत्यक्षात मोटर ओढते त्याहून जास्तच. ॲपवर मोटर चालू असताना सगळ्या घराचे मिळून साडेतीनशे दिसत होते. दहावी शिकलेल्या बाईला हे कळायला हरकत नव्हती.

महिना संपला. ॲप म्हणालं १३८ युनिट, बिल आलं २१९ युनिटचं. त्याला विचारलं तर म्हणाला, मीटर फास्ट आहे, कॅलिब्रेशन करून रिपोर्ट देतो, तो घेऊन वीज कंपनीच्या ऑफिसात भांडा. १,४९९ घेऊन दोन पानांचा रिपोर्ट पाठवला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

तो रिपोर्ट घेऊन मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. पहिल्या दिवशी साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी टेबलावरचा माणूस रिपोर्ट वाचून सगळ्यांसमोर मोठ्याने हसला आणि म्हणाला, मीटर तपासायचा तर अर्ज करा, फी भरा. मी म्हटलं, मीटरचं राहू द्या, तुमच्या नावाचा आभास करून लोक घरात शिरतात, निदान बाहेर एक सूचना तरी लावा. "त्याच्याशी आमचा संबंध नाही." तिसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली, पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला होता. दीड तास बसले. तो आलाच नाही.

डबा उघडला माझ्या भाच्याने, तो आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे. "मावशी, हे बघ," म्हणाला. आत एक कपॅसिटर, दोन लहान दिवे, आणि वजन यावं म्हणून सिमेंटचा गोळा. क्लॅम्पची वायर डब्यात शिरल्यावर कुठेच जोडलेली नव्हती, टोकाला काळी टेप गुंडाळून सोडून दिलेली. खऱ्या मॉनिटरचा क्लॅम्प फक्त फेजच्या, म्हणजे वीज आत आणणाऱ्या वायरवर बसतो, वायरीतून वाहणाऱ्या करंटभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते मोजतो. फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) दोन्ही एकत्र धरले तर आकडा शून्य येतो. माझा क्लॅम्प दोन्हीवर होता. त्या माणसाला एवढंही माहीत नव्हतं, किंवा त्याची गरजच नव्हती.

मग भाच्याने घरातलं सगळं बंद करून पाणी तापवायची १,००० वॅटची रॉड एकटी चालू केली. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स असं छापलेलं आहे, पल्स म्हणजे मीटरवरच्या दिव्याची एक लुकलुक. म्हणजे हजार वॅटला तो दिवा मिनिटाला ५३ वेळा तरी लुकलुकायला पाहिजे. घड्याळ लावून मोजलं, ५२ आले. मीटर बरोबर होता. हा हिशेब पैसे देण्याआधी कुणीही करू शकतं, पाच मिनिटं लागतात. आणि डबा मीटरच्या आधी, खांबाकडून येणाऱ्या वायरीवर बसवू दिला नाहीस हे नशीब, असंही तो म्हणाला. सील हललं असतं तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीचा आरोप माझ्यावरच आला असता.

पोलीस स्टेशनला चार चकरा झाल्या. "बाई, पैसे स्वखुशीने दिले ना? हे दिवाणी आहे." खोटी वस्तू खरी सांगून पैसे घेणं हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? हे बोलले तर मलाच विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" त्याचा पत्ता आणा म्हणतात. असा माणूस घर सांगून जातो का? पत्ता मीच शोधायचा, फोन नंबर कुणाच्या नावावर आहे तेही मीच शोधायचं, तर मग अर्ज कुणाकडे द्यायचा? चौथ्या चकरेला अर्ज ठेवून घेतला. अर्जाचा नंबर अजून मिळालेला नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, असं भाच्याने सांगितलं तेव्हा दोन महिने उलटले होते. तो फोन पैसे गेले त्याच दिवशी केला तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. वाट बघू नका, लाज वाटली तरी करा.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक १२ आकड्यांचा निघाला. खरा १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. फोनवरून पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाही, कुणा एका माणसाचं नाव आलं होतं. ते मी वाचलं होतं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. समोरच्याचा पत्ता मात्र लागतो, तिथेच माझं अडलंय. लातूर, औसा, निलंगा, रेणापूर भागात कुणाकडे असा राखाडी डबा असेल तर रागाच्या भरात फेकू नका. उघडून क्लॅम्पच्या टोकाचा फोटो काढा, पावती आणि पैसे पाठवल्याचा पुरावा जपा, पत्ता कुणाला मिळाला असेल तर मला कळवा. गटातल्या त्या दोघींना मी दरमहा ५०० प्रमाणे पैसे परत करते आहे. एक हप्ता दिला. त्यातली एक घेत नव्हती, तिच्या मुलीच्या हातात ठेवून आले.