जेली रोल मॉर्टनचा आठ सीडींचा संच: काही महिने ऐकल्यावर

जेली रोल मॉर्टन म्हणजे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, जॅझच्या सुरुवातीच्या काळातला पियानोवादक. राउंडर कंपनीचा हा २००५ सालचा संच सेकंडहँड मिळाला, त्याला आता बरेच महिने झाले. नुसती गाणी ऐकायची असतील तर आधी मॉर्टनच्या रेड हॉट पेपर्स बँडच्या १९२६ च्या रेकॉर्डी ऐका, 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प'पासून. या पेटीत गाण्यांइतक्याच गप्पा आहेत.

मे १९३८ मध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या तेवीस वर्षांच्या अ‍ॅलन लोमॅक्सनं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मॉर्टनला पियानोपुढं बसवून बोलतं केलं. तोवर स्वारीचे दिवस फिरले होते. १९३० नंतर व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीनं त्याचा करार पुढं चालवला नाही. १९३५ मध्ये बँडवाल्या बेनी गुडमननं त्याचंच 'किंग पोर्टर स्टॉम्प' गाजवलं, आणि हा मात्र वॉशिंग्टनच्या एका लहानशा क्लबात वाजवत होता.

'जॅझ मीच १९०२ साली शोधला' हा त्याचा दावा प्रसिद्ध आहे. जन्म साधारण १८९० चा धरला तर तेव्हा हा बारा वर्षांचा! पण थापा म्हणून सोडून द्यावं, तर तो वाजवून दाखवतो. 'टायगर रॅग' ही जॅझची प्रसिद्ध धून जुन्या फ्रेंच क्वाड्रिलमधून, म्हणजे जोडप्यांच्या नाचाच्या संगीतातून, कशी निघाली हे सांगताना आधी एकेक तुकडा सभ्यपणे वाजवतो, वॉल्ट्झ, मझुर्का वगैरे नाचांचे. मग तेच सुटे तुकडे रॅगच्या, म्हणजे जॅझआधीच्या उड्या मारणाऱ्या ठेक्याच्या पियानो संगीताच्या, चालीत घालतो. वाघाची डरकाळी तर खर्जाच्या पट्ट्यांवर चक्क कोपर टेकवून! क्वाड्रिलची गोष्ट सगळ्यांना मान्य नाही, मलाही पुरती पटत नाही. पण 'मेपल लीफ रॅग' आधी मिसुरीच्या ढंगात आणि मग स्वतःच्या ढंगात वाजवतो, तेव्हा वाद संपतो. पहिल्यात ठोके सरळ पडतात. दुसऱ्यात डावा हात झुलायला लागतो आणि अख्खा बँड एकट्या पियानोत शिरतो. पायाचा ठेकासुद्धा रेकॉर्ड झालाय.

तक्रारी आहेतच. खरखर भरपूर, स्पीकरवर डोकं उठतं, हेडफोन लावा. तेव्हा रेकॉर्डिंग तबकड्यांवर व्हायचं, त्यामुळं तबकडी संपली की गोष्ट ऐन रंगात तुटते. शेवटची सीडी बरीचशी इतरांच्या मुलाखतींची, ती मी एकदाच ऐकली. पेटी पियानोच्या आकाराची, दिसायला झकास, पण कुठल्याही फळीवर नीट बसत नाही. आणि स्टोरीव्हिलच्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वेश्यावस्तीच्या, कोठ्यांवरची गाणी काटछाट न करता घेतली आहेत, त्यातलं एक तर जवळजवळ अर्धा तास चालतं. इंग्रजी कळणारी पोरं घरात असतील तर ती सीडी रात्री, दार लावून.