मिग-२१च्या पिशव्या आणि बुडालेले ३३,०५० रुपये

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला. त्यानिमित्त ओझरच्या कारखान्यात ही विमाने जोडण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या ५२ निवृत्त कामगारांनी, ज्यांत माझे वडीलही आहेत, स्नेहमेळाव्यात प्रत्येकाला मिग आणि नॅट विमानांची जुनी छायाचित्रे छापलेल्या दोन कापडी पिशव्या द्यायचे ठरवले. प्रत्येकी ६०० रुपये वर्गणी निघाली आणि ३१,२०० रुपये विश्वासाने माझ्या हाती आले.

इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याने एका पिशवीचे ३०० रुपये सांगितले; जाड, शुद्ध सुती कॅनव्हास आणि त्यावर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग कापडात उतरवणारी छपाई. सब्लिमेशनचा रंग पॉलिएस्टर धरून ठेवते, साधे सुती कापड नाही, हे कोणत्याही छपाईवाल्याने मला दोन मिनिटांत सांगितले असते. मी विचारले नाही आणि १५,६०० रुपये आगाऊ भरले.

नमुन्याचा फोटो आला तो क्षण मला अजून झोपू देत नाही. पिशवीच्या बुडाशी ठळक चुणी होती, पण तिच्यावरून गेलेला विमानाचा पंख जराही मोडलेला नव्हता. बंदाची सावली कापडावर होती, विमानावर नव्हती. कोऱ्या पिशवीच्या फोटोवर संगणकाने चित्र चिकटवले होते. शिवाय मिग-२१ म्हणून दाखवलेल्या विमानाची हवा घेणारी तोंडे दोन्ही कुशींना होती. मिग-२१चे नाकच उघडे असते आणि त्यात शंकू असतो, हे ओझरला वाढलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मी ती चूक कळवलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो, असे त्याने नम्रपणे सांगितले आणि माणूस तत्पर आहे असे समजून मी उरलेले १५,६०० व वाहतुकीचे १,८५० रुपये पाठवले. मेळावा नऊ दिवसांवर आला होता. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने हेच केले असते, असे मला आजही वाटते.

बिल मी मागितले होते. पत्ता तिरुपूरचा, जीएसटी क्रमांकाची सुरुवात मात्र ०९ने, म्हणजे उत्तर प्रदेश. तिरुपूर ज्या तमिळनाडूत आहे, त्याचा आकडा ३३ आहे. हे पहिले दोन अंक पैसे देण्याआधी पाहा. क्यूआर कोडवर दुकानाऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव आले, तर तिथेच थांबा.

१०४ पिशव्यांऐवजी २६ आल्या, त्याही गुळगुळीत, पातळ नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेल्या कापडाच्या. बाबांनी एका पिशवीवर अंगठा घासला, तर विमानाची शेपटी पापुद्र्यासारखी सुटून त्यांच्या अंगठ्याला चिकटली. ते काही बोलले नाहीत.

पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की काही माल मिळाला आहे, म्हणजे ही दिवाणी बाब आहे. त्या २६ पिशव्या नेमक्या याच उत्तरासाठी पाठवल्या असणार, हे तिथे कोणाला समजून घ्यायचेच नव्हते. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर, तिसऱ्या खेपेला खाते परराज्यातले. बँकेने पिन तुम्हीच टाकलात, एवढेच ऐकवले आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची चौकशी करायला नकार दिला. पाच फेऱ्यांत एकाही कर्मचाऱ्याने तक्रार कागदावर घेतली नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर पहिल्या तासातच फोन करा. मी पार्सलची वाट पाहत अकरा दिवस घालवले. पार्सल उघडताना चित्रीकरण करा.

ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हेही मला माझे मीच शोधावे लागले. तक्रार मी दाखल केली आहे. वर्गणीचे ३१,२०० रुपये मी पगारातून दरमहा ५,२०० याप्रमाणे परत करत असून दोन हप्ते दिले आहेत.