लडाखमध्ये ‘शेअरिंग सीट’ घेताय? आधी नंबरप्लेटचा रंग बघा

२३,१०० रुपये. हा आकडा मी घरात अजून कुणाला सांगितलेला नाही. घरच्यांना वाटतंय, रस्ता बंद झाला म्हणून आम्ही लवकर परतलो. मैत्रिणीने तिच्या नवऱ्याला १०,००० सांगितले आणि त्यावरही तिला इतकं ऐकून घ्यावं लागलं की उरलेले १३,१०० आम्ही दोघींनी मुकाट गिळले. इथे मात्र पूर्ण आकडा लिहिते आहे. जून आला की लडाखमध्ये आम्हाला इतक्याला फसवणाऱ्या एजंटच्या जाहिराती पुन्हा फिरायला लागतील आणि पाठीला सॅक लावून निघालेलं कुणीतरी पुन्हा त्याला ‘भैया, दो सीट मिलेगी?’ असं विचारेल.

आधीच सांगते, आम्ही काही काल-परवा घराबाहेर पडलेल्या पोरी नाही. सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक केलेत, स्लीपरच्या डब्यातून निम्मा देश पाहिलाय, केवायसीच्या नावाने फोन करणाऱ्यांना मी स्वतः शिव्या घातल्यात. ओटीपी देऊ नये, अनोळखी लिंक उघडू नये, सगळं पाठ आहे. पण इथे लिंकही नव्हती आणि ओटीपीही नव्हता. एक माणूस होता, आमच्यासमोर बसून चहा पिणारा.

लडाखमध्ये स्वस्तात फिरायचं तर खरी अडचण गाडीची. बस मोजक्या, गावं लांब लांब, आणि दोघींसाठी अख्खी टॅक्सी करायची तर युनियनचा ठरलेला दर खिशाला झेपत नाही. म्हणून लोक सीट वाटून घेतात. त्यात गैर काही नाही. लेहच्या बाजारात एजन्सींच्या दारावर ‘नुब्रा-पँगाँग, दोन सीट शिल्लक’ असे कागद चिकटवलेले असतात. तिथे उभं राहून, गाडी डोळ्यांनी बघून सीट घ्या. घरबसल्या घेऊ नका. आम्हाला सुट्टी मोजून मिळालेली, तिथे जाऊन गाडी शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही ऑनलाइन ठरवलं. नोकरी करणारी कुणीही हेच करेल.

सौदा असा होता: लेहहून खारदुंग ला ही खिंड ओलांडून हुंडर, तुर्तुक, मग श्योक नदीच्या रस्त्याने पँगाँग, तिथून हानले आणि परत. पाच दिवस, होमस्टे आणि नाश्ता धरून माणशी ९,५००. गाडीत आमच्याशिवाय आणखी दोघं असणार होते. हानले हे मैत्रिणीचं वेड. ४,५०० मीटरवरची वेधशाळा आणि २०२२ साली डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपायचा भाग, म्हणून जाहीर झालेला भोवतालचा परिसर. आकाशगंगा नीट दिसावी म्हणून तिने अमावास्या बघून तारखा काढल्या होत्या. बाकीचे एजंट हानलेचं नाव काढलं की दर चढवायचे, हा ‘उतने में ही ले जाऊँगा’ म्हणाला. आता सगळे म्हणतात, तिथेच ओळखायला हवं होतं. काय ओळखायला हवं होतं? १९,००० रुपये ही काय फुकटची रक्कम आहे?

५,००० ॲडव्हान्स मैत्रिणीच्या खात्यातून गेला. स्क्रीनवर नाव भलतंच. ‘भाई का खाता है.’ पुढचं तुम्हाला माहीत आहे. ते आम्हालाही माहीत होतं. पण निम्म्या भारतात दुकानदाराचा क्यूआर त्याच्या बायकोच्या नाहीतर भावाच्या नावाचा असतो. दर वेळी आपण थोडीच चौकशी करतो?

विमानाने थेट ३,५०० मीटरवर उतरल्यावर डोकं जड झालेलं. त्या संध्याकाळी हा माणूस स्वतः गेस्ट हाउसवर आला. जर्दाळूंची पुडी घेऊन. ‘दो दिन कहीं मत जाना, पानी पीते रहना’ म्हणाला. सल्ला अगदी बरोबर होता, डॉक्टरही तेच सांगतात, आणि त्या एका बरोबर सल्ल्याने त्याचं बाकीचं सगळं आम्हाला खरं वाटलं. परमिटचे म्हणून १,६०० घेतले, आधारच्या झेरॉक्स घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी कागद आणून दाखवला. पर्यावरण शुल्क माणशी ४०० रुपये, वर थोडे किरकोळ. हे शुल्क कुणीही सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरू शकतं. म्हणजे तिथेही निम्मे त्याच्या खिशात गेले. पण ते जाऊ दे. मैत्रिणीने त्या कागदाचा फोटो काढून ठेवला होता आणि त्या कागदावर तारखा फक्त दोन दिवसांच्या होत्या. पाच दिवसांची फेरी आणि परमिट दोन दिवसांचं! म्हणजे आम्हाला हुंडरच्या पुढे न्यायचंच नव्हतं. पुरावा तिच्या फोनमध्ये पडून होता आणि आम्ही पाहिलं काय, तर नावांचं स्पेलिंग बरोबर आहे ना. परमिटवरच्या तारखा वाचा. नावं चुकली तरी चालेल, तारखा वाचा.

आणि आता ती सकाळ, जी आठवली की अजून मध्यरात्री उठून बसते. गाडी आली ती पांढऱ्या नंबरप्लेटची. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी, पिवळ्या पाटीवर काळी म्हणजे टॅक्सी, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला दिसलं. नुसतं दिसलं नाही, मी विचारलं. एजंट आलाच नव्हता, ड्रायव्हर म्हणून एक पोरगा होता. म्हणाला, ‘टॅक्सी खराब हो गई, ये मालिक की अपनी गाड़ी है, ज़्यादा आराम है.’ मी मान डोलावली. मग सॅक डिकीत टाकता टाकता तो सहज बोलल्यासारखं बोलला, ‘रास्ते में कोई पूछे तो बोलना, हम दोस्त हैं.’

हे वाक्य पुन्हा वाचा. आम्ही पैसे मोजलेत, रीतसर सीट घेतलीय, मग कुणाला कशासाठी सांगायचं की आम्ही दोस्त आहोत? खाजगी गाडी भाड्याने फिरवणं बेकायदा, युनियनवाले अशा गाड्या अडवतात, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी हसले. हो, हसले. मैत्रीण म्हणाली, ‘चला, लडाखात भाऊ मिळाला.’ सकाळचे सहा, कडाक्याची थंडी, डोकं ठणकतंय, बाकीचे दोघे ‘डिस्किट से बैठेंगे’, आणि १९,००० पैकी ५,००० आधीच गेलेले. अशा वेळी माणूस गाडीत बसतो. तुम्हीही बसला असता. पण कुणीही, कुठेही, तुम्हाला वाटेत खोटं बोलायला शिकवत असेल तर सॅक खाली उतरवा. ॲडव्हान्स बुडू दे.

साऊथ पुल्लूच्या चौकीच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली आणि एजंटला फोन लावून दिला. बाकी १४,००० आत्ताच पाठवा, पुढे नेटवर्क नाही, होमस्टेवाल्यांना पैसे द्यायचेत. नेटवर्कचं खरंच होतं, म्हणून तर फसलो! बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. माझा फोन विमानतळापासूनच मेलेला, चालू होतं ते मैत्रिणीचं पोस्टपेड. दोघींनी एक तरी पोस्टपेड घेऊनच जा, आणि ज्याच्या नावावर सिम त्याच्याच खात्यावर सगळा व्यवहार टाकू नका. १४,००० गेले, तिसऱ्याच नावावर. चौकीवर ‘आप बैठो, ठंड है’ म्हणत कागद घेऊन तोच उतरला. खारदुंग लाच्या पाटीपाशी आमचा फोटोही त्यानेच काढला, हौसेने, दहा वेळा अँगल बदलून. त्या खिंडीची उंची वर्षानुवर्षं १८,३८० फूट म्हणून सांगितली जायची, प्रत्यक्ष मोजणीत ती १७,५८२ च्या आसपास भरते. फसवायला सुरुवात तिथूनच म्हणायची.

डिस्किटला कुणी बसलं नाही. हुंडरला आम्ही वाळूच्या टेकड्या आणि दोन वशिंडांचे उंट बघत असताना पोरगा आला. पेट्रोलला रोख २,५०० द्या, पंपावर ऑनलाइन चालत नाही, हिशोबात कापून घेऊ. दिले. सकाळी ‘डिस्किट जाकर टंकी फुल करके आता हूँ’ म्हणून गेला. फोन दुपारपर्यंत वाजत होता, मग बंद. होमस्टेच्या मालकीणबाईंना, आमा-लेंना, कुणी पैसे दिलेच नव्हते. त्यांना सांगितलं होतं, पाहुणे स्वतः देतील. त्या बिचाऱ्या खांबीर रोटी आणि चहा पुढे करत राहिल्या, निम्मेच द्या म्हणाल्या. आम्ही पूर्ण २,४०० दिले, त्यांचा काय दोष. लेहला परतायला शेअर टॅक्सीचे दोघींचे १,०००. त्याला गेलेले २३,१०० धरून सगळे मिळून २६,५००, आणि हानले नाहीच. डिस्किटच्या स्टँडवर टॅक्सीवाल्यांनी गाडीचा फोटो बघून मान हलवली. ‘सस्ता आप लोग ढूँढते हो, बदनाम हम होते हैं.’ राग आला, पण उत्तर सुचलं नाही.

आता ज्यांच्याकडे उत्तर असायला हवं, त्यांचं ऐका. पहिल्या ठाण्यात विचारलं, ‘पैसे अपने मन से दिए ना?’ हो म्हटलं, तर म्हणे हा व्यवहारातला वाद, कोर्टात जा. मग ‘सिर्फ दो लेडीज़ आई थीं?’ याचा २३,१०० शी काय संबंध? सोबत पुरुष असता तर खाजगी गाडीची पाटी पिवळी झाली असती का? मी लिहून नेलेला अर्ज बाजूला ठेवला, कारण खातं तिसऱ्याच राज्यातलं. तिकडे जा. घरी परतल्यावर इथल्या ठाण्यात गेलो, तर गुन्हा तिकडचा, तिकडे जा. मी कलम काढून नेलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात स्वच्छ म्हटलंय की दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कुठेही घडलेला असो, देता येते. झीरो एफआयआर म्हणतात तो हाच. आणि फसवणूक, जुनं चारसो बीस, आताचं न्याय संहितेचं ३१८(४), दखलपात्रच आहे. साहेब म्हणाले, ‘मॅडम, कायदा आम्हाला नका शिकवू.’ मग कुणाला शिकवू? वर म्हणे पैसे तुमच्या खात्यातून गेले का? नाही ना? मग तुम्ही तक्रारदारच नाही, मैत्रिणीला पाठवा. मैत्रीण रजा टाकून गेली, तर ‘गाडी ठरवली कुणी? त्यांना घेऊन या.’ शेवटी अर्जावर एक शिक्का मिळाला. शिक्का!

बँकेची वेगळीच तऱ्हा. तुम्ही स्वतः पिन टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं शून्य जबाबदारीचं, म्हणजे ग्राहकाचे गेलेले पैसे बँकेने भरून द्यायचं, संरक्षण अशा व्यवहाराला लागू होत नाही, हे सांगताना त्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. समोरचं खातं तरी गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे पत्र मागितलं, तर आधी बँकेकडून लेखी आणा. बँकेने ३० दिवसांत धड उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. केली. उत्तर तेच, फक्त भाषा शुद्ध.

म्हणून फसलात तर ठाण्याच्या बाकावर बसायच्या आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. आम्हाला डिस्किटमध्ये रेंज मिळेपर्यंत आणि ‘येईल हो तो, टायर पंक्चर झाला असेल’ असं एकमेकींना समजावेपर्यंत संध्याकाळ झाली होती. तोवर खातं रिकामं. बाकी रक्कम फेरी संपल्यावर, लेहमध्ये, हातात हात देऊन. युनियनचं दरपत्रक मागा, आणि त्याहून फारच स्वस्त कुणी देत असेल तर गाडीचा नंबर आदल्या दिवशी घ्या. परमिटचा कागद स्वतःजवळ ठेवा, चौकीवर स्वतः उतरा, थंडी असली तरी. आणि जर्दाळू विकत घेऊन खा.

हे सगळं लिहायला बसले ते परवाच्या प्रकारामुळे. त्याच माणसाची नवी जाहिरात आली आहे, नाव नवं, नंबर नवा. वर ‘हॅपी कस्टमर्स’, आणि खाली खारदुंग लाच्या पाटीपाशी दात काढून उभ्या आम्ही दोघी. कुणीतरी दोन सीटची चौकशी केलेली दिसली. मी लगेच त्या मुलाला सगळं लिहून पाठवलं, गाडीच्या फोटोसकट. त्याचं उत्तर आलं: ‘थँक्स ताई. पण तुम्हाला हानले धरून ९,५०० मध्येच दिलं होतं का? मला ११,००० सांगतोय.’