बांधाचं भांडण न्यायचं कुठे? गावात, तहसीलला, लोकअदालतीत की कोर्टात

आमच्या विहिरीचा दावा अकरा वर्षं चालला. निफाड तालुक्यातली सामाईक विहीर, आजोबांनी आणि त्यांच्या भावाने मिळून खोदलेली. मोटर एक, वीजजोडणी एक, पाणी पाळीने. एका उन्हाळ्यात नानाकाकांनी, म्हणजे वडिलांच्या चुलतभावाने, स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं आणि तिथून सगळं सुरू झालं. दाव्यात लिहिलं होतं, 'विहिरीत वादींचा निम्मा हिस्सा आहे'. गंमत अशी, की तो निम्मा हिस्सा नानाकाकांनी कधी नाकारलाच नव्हता.

तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक मला विचारतात, "आधी गावात बसवू, का सरळ वकील करू?" मी वकील नाही. पण चारही दारं बघून झाली आहेत, आणि कुठलं दार कशासाठी याबद्दल माझी मतं आता पक्की झाली आहेत. हे सगळं शेती आणि भाऊबंदकीपुरतं. नाशिक शहरात फ्लॅट घेऊन बिल्डरशी वाजलं असेल तर महारेरा किंवा ग्राहक आयोग, तो रस्ता वेगळा.

दार निवडण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. भांडण मिटल्यावर त्या माणसाशी रोजचा व्यवहार राहणार आहे का? आणि उद्या त्याने शब्द फिरवला, तर कशाच्या जोरावर त्याला धरणार?

गावातली बैठक

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. ग्रामसभेतून समिती निवडायची, गावातले तंटे गावातच मिटवायचे, आणि गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. आता बक्षिसाचा गाजावाजा ओसरला, समित्या बऱ्याच ठिकाणी कागदावर उरल्या. पण जिथे अध्यक्ष चांगला आहे, तिथे काम अजून होतं.

या दाराचा फायदा एकच, पण मोठा आहे: बसलेल्या लोकांना जमीन माहीत असते. बांधावरची बाभूळ कोणी तोडली, पाटाचं पाणी पूर्वी कुठून जायचं, हे कोर्टात साक्षीदार उभे करून सिद्ध करावं लागतं. पारावर ते सगळ्यांना पाठ असतं. खर्च म्हणाल तर चहाचा.

आता दुसरी बाजू. समितीला कुणाला भाग पाडण्याचा अधिकार नाही. मुद्रांकावर तडजोडनामा लिहिला आणि नोटरीचा लाल शिक्का मारला, की लोकांना वाटतं आता पक्कं झालं. तसं नसतं. तो शिक्का म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. समोरच्याने कागद धुडकावला तर तो कागद पुरावा म्हणून घेऊन तुम्हाला कोर्टातच जावं लागतं. जमिनीचा हक्कच इकडचा तिकडे होणार असेल, तर दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवल्याशिवाय काही खरं नाही.

आणखी एक गोष्ट, जी पारावर कोणी बोलत नाही. वाटणीच्या बैठकीला बहिणींना बहुतेक वेळा शेवटीच बोलावतात, हक्कसोडपत्रावर सही करायला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असले-नसले तरी तो हक्क राहतो हे स्पष्ट केलं. तरी आमच्या आत्याला बैठकीत सांगितलं गेलं, "ताई, माहेर तुटेल बरं का." तुम्ही बहीण असाल तर गावच्या बैठकीत एकट्या बसू नका. आणि सासरच्या छळाचं, मारहाणीचं प्रकरण तर पारावर नेऊच नका. ते तिथे दाबलं जातं, मिटत नाही.

तहसीलदार: लोक विसरतात ते दार

आमची चूक इथे झाली, म्हणून इथे जरा थांबतो.

मामलतदार (म्हणजेच तहसीलदार) न्यायालय अधिनियम हा १९०६ चा कायदा. त्याच्या कलम ५ खाली शेतरस्ता अडवला, पाण्याचा प्रवाह अडवला, किंवा शेतीसाठी वापरत असलेल्या विहिरीच्या पाण्यापासून कायदेशीर मार्ग सोडून कोणी हुसकावलं, तर तहसीलदार अडथळा काढायचा आणि वापर पूर्ववत करायचा हुकूम देऊ शकतो. स्टार्टरला घातलेलं कुलूप यात चपखल बसत होतं. अट एकच: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज.

आम्ही आठ महिने गावात बैठका घेत बसलो. दर बैठकीत "पुढच्या अमावस्येनंतर बघू". सातव्या महिन्यात एका ओळखीच्या निवृत्त मंडळ अधिकाऱ्याने विचारलं, "अर्ज कधी केला?" तेव्हा कळलं, की ते दार बंद झालंय.

तेव्हा गावात जरूर बसा, पण रस्ता किंवा पाणी अडवलं असेल तर अर्ज आधी टाकून ठेवा. समोरचा चिडेल, चिडू द्या. मिटलं तर अर्ज मागे घेता येतो, गेलेली मुदत परत येत नाही.

जुना रस्ता अडवला तर १९०६ चा कायदा, आणि शेतात जायला रस्ताच नसेल, बांधावरून नवा हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि अर्ज तिथेच लटकतो. तहसीलदार स्थळपाहणी करतो, पंचनामा होतो, शेजारच्यांचे जबाब होतात. मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र तो सोडवत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टच. कलम १४३ च्या निर्णयाविरुद्धही एका वर्षात दिवाणी दावा टाकता येतो, त्यामुळे भांडखोर गडी तिथूनही पुढे जाऊ शकतो.

जाता जाता: अदलाबदलीचा घोळ असेल, म्हणजे त्याचा गट तुमच्या ताब्यात आणि तुमचा त्याच्या ताब्यात, तोही किमान बारा वर्षांपासून, तर सलोखा योजना बघा. ३ जानेवारी २०२३ ची. मुद्रांक शुल्क हजार, नोंदणी फी हजार, आणि दोघांचे सातबारे सरळ. पण दोघांचीही संमती लागते, आणि जिथे संमती आहे तिथे खरं तर अर्धं भांडण संपलेलंच असतं.

दिवाणी दावा

समोरचा जमीन विकायला निघालाय, रात्रीत बांध कोरतोय, खोटा दस्त पुढे आलाय, अशा वेळी गप्पा मारत बसू नका. दावा टाका आणि तूर्तातूर्त मनाई मागा. विक्री किंवा खोटा दस्त रोखायची ताकद वरच्या दोन्ही दारांत नाही.

बाकी वेळ मात्र हिशोब करा. वकिलाची फी दिसते, न दिसणारा खर्च दिवसांचा असतो. दर तारखेला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरायचं, कोर्टाच्या आवारात दुपारपर्यंत थांबायचं, पुढची तारीख घ्यायची, आणि द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत हे केलं तर घरी वेगळं भांडण. आमचे आजोबा दाव्याच्या तिसऱ्या वर्षी वारले. वादी वारला तर नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर लावावे लागतात. आम्हाला ते माहीतच नव्हतं. मग उशीर माफ करण्याचा अर्ज, त्यावर समोरच्यांचं म्हणणं, त्यावर युक्तिवाद. विहिरीबद्दल एक शब्दही न बोलता दोन वर्षं गेली.

मध्यस्थी आणि लोकअदालत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

लोक दोन्ही एकच समजतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली कोर्ट चालू दावा यातल्या कुठेही पाठवू शकतं, म्हणून ही गफलत होत असावी.

लोकअदालत म्हणजे ठरलेल्या दिवशी बसलेलं पॅनल. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा भरते. त्या दिवशी आवारात जत्रा असते: बँकेची थकबाकी, चेक न वटल्याची प्रकरणं, अपघाताची भरपाई. आकड्यावर घासाघीस होऊ शकेल असं प्रकरण तिथे झटपट निघतं. द्राक्षाच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक परत आला आणि तो हप्त्याने द्यायला तयार असेल, तर याहून चांगली जागा नाही. (पण चेकची नोटीस बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत गेलीच पाहिजे, ते लोकअदालतीवर सोडू नका.) दावा न टाकताही, दाखलपूर्व प्रकरण म्हणून, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो. फी नाही, आणि चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

अकरा वर्षांचं वैर मात्र त्या गर्दीत निघत नाही. आमचं दोनदा तिथे ठेवलं गेलं. दोन्ही वेळा पाच मिनिटांत "जमत नाही" म्हणून परत. पॅनल स्वतःहून निकाल देत नाही. तडजोड झाली तर ठीक, नाहीतर फाइल पुन्हा कोर्टात.

मध्यस्थीत वेळ मिळतो. प्रशिक्षित मध्यस्थ, बंद खोली, आधी दोघांशी एकत्र आणि मग एकेकाशी वेगळं बोलणं. तिथे बोललेलं पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, म्हणून माणसं बोलतात. आमच्या दुसऱ्या बैठकीत मध्यस्थ बाईंनी हिश्श्याचा विषय काढलाच नाही. त्यांनी नानाकाकांना विचारलं, "तुमच्या पाळीला मोटर किती वाजता सुरू व्हायची?"

नानाकाका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रात्री साडेबाराला."

त्या वर्षी थ्री-फेजचं वेळापत्रक असं लागलं होतं, की दिवसाची लाइट नेमकी आमच्या पाळीच्या दिवशी आणि रात्रीची त्यांच्या. ते साठीचे, बॅटरी घेऊन उसाच्या कडेने विहिरीवर जायचे. एका रात्री बांधावर बिबट्या बसलेला दिसला. दुसऱ्या दिवशी आजोबांना म्हणाले, पाळी बदलू. आजोबा म्हणाले, ठरलं ते ठरलं. त्या संध्याकाळी कुलूप लागलं.

हे अकरा वर्षांत कुठल्याच कागदावर नव्हतं. कोर्टाने निकाल दिला असता तर आमच्याच बाजूने दिला असता: निम्मा हिस्सा. आणि नानाकाका पुन्हा रात्रीच गेले असते.

तडजोड ठरली: दिवसपाळी दर आठवड्याने बदलेल, 'वीजपुरवठ्याचे वेळापत्रक बदलले तरीही'. हे शेवटचे चार शब्द बाईंनी आग्रहाने घालून घेतले. मग तडजोड पुरसीस (कोर्टाला द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन) तयार झाली आणि पुढच्या लोकअदालतीत ठेवून तिचा निवाडा घेतला. तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच असतो, कोणी मोडला तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकून बजावता येतो. त्यावर अपील नाही, ही त्याची ताकदही आहे आणि धोकाही. त्यामुळे सहीआधी हद्द कायम मोजणी करून क-प्रत (मोजणीचा नकाशा) हातात घ्या, गट नंबर आणि चतुःसीमा स्वतः वाचा. "साहेब म्हणतात ना, करून टाका" असं शेजारचा म्हणतो, त्याचं ऐकू नका.

जातपंचायत

हे दार मी तुलनेत धरत नाही. २०१३ मध्ये नाशकात आंतरजातीय विवाहावरून झालेल्या एका खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम इथूनच हाती घेतली. पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंचांनी दंड मागितला किंवा वाळीत टाकायची धमकी दिली, तर पोलीस ठाणं गाठा. समाजातली वडीलधारी माणसं मिटवायला बसणं वेगळं, आणि न ऐकल्यास रोटीबेटी तोडणं वेगळं.

मग मी काय सांगतो

भाऊबंदकी आहे, रोज तोंड दिसणार आहे, आणि आज काही जळत नाहीये: आधी गावात बसा, दोन बैठकांची मर्यादा घाला. मिटलं तर तो तडजोडनामा कपाटात ठेवू नका, दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीतून निवाडा करून घ्या. रस्ता-पाणी अडलंय: तहसीलला अर्ज आजच. जमीन हातची जाते आहे: कोर्टात, मनाईसाठी. दावा आधीच चालू आहे आणि सडतोय: वकिलाला सांगून मध्यस्थीकडे पाठवायची विनंती करा. काही वकील टाळाटाळ करतात, दोनदा सांगा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना वार्षिक तीन लाखांच्या आत.

आमच्या निवाड्यात एक गोष्ट राहूनच गेली होती. मागच्या उन्हाळ्यात मोटर जळाली, आणि रिवाइंडिंगचा खर्च कोणी द्यायचा हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्या दिवशी पाळी नानाकाकांची. मी दरखास्तीचा विचार करत होतो. वडिलांनी तंटामुक्तीच्या अध्यक्षांना फोन लावला. ते संध्याकाळी विहिरीवर आले, दोघांना निम्मे-निम्मे द्यायला लावले, आणि जाताना आमच्याच बागेतला घड तोडून घेऊन गेले.