हजार वॉटचा दिवा, शंभर वॉटचा उजेड

घरात तंबू लावून भाजी करायचा विचार असेल आणि त्यासाठी एलईडी ग्रो लाइट शोधत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे ११,८०० रुपये गेले, पावसाळ्याचा अर्धा हंगाम गेला, आणि त्याहून वाईट एक गोष्ट थोडक्यात टळली. तीही पुढे सांगते.

आम्ही दापोली तालुक्यातले. समुद्राची गाज घरात ऐकू येते इतक्या जवळ घर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या वाडीतल्या माडा-पोफळींपैकी निम्म्याहून जास्त आडव्या झाल्या. नवी लावलेली पोफळ हाताशी यायला पाच-सहा वर्षं लागतात. मधल्या काळात घरगुती निवासावर भागवलं. त्यातून आसपासच्या हॉटेलांशी ओळख झाली, आणि लेट्यूस, बेसिल अशा पाल्याला मागणी आहे हे कळलं. घाटावरून येणारा लेट्यूस पावसाळ्यात इथे पोचेपर्यंत मलूल झालेला असतो. इथे उघड्यावर करावा म्हटलं तर वर्षाचा साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांतच पडतो. आषाढात मळभ धरलं की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि नाजूक पाला वाफ्यातच कुजतो. म्हणून पडवीलगतच्या खोलीत चार बाय चार फुटांचा, आतून चंदेरी अस्तराचा तंबू घेतला. तो चांगला निघाला. फसले ती दिव्यात.

दिव्याची जाहिरात मोबाइलवर आली होती. ‘१००० वॉट, फुल स्पेक्ट्रम, वीजबिल फक्त पंख्याएवढं.’ खाली हिरव्यागार रोपांचे फोटो, तीन वर्षांची वॉरंटी, सात दिवसांत परत करण्याची सोय. मी फोन केला. बोलणारा माणूस अतिशय नम्र होता. ‘मॅडम, चार बाय चारला सहाशे वॉटही चालेल, पण तुमच्याकडे पावसाळ्यात अंधार, तुम्ही हजारच घ्या.’ मला ते पटलं. यूपीआयने पैसे पाठवले. बिल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. हे मी तेव्हा पाहायला हवं होतं.

आणि त्याहून आधी त्या एका ओळीतला विरोध पाहायला हवा होता. लेट्यूसला दिवा सोळा तास लावायचा असतो. खरोखर हजार वॉटचा दिवा सोळा तास चालला तर दिवसाला १६ युनिट होतात, महिन्याला ४८०. छताचा साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो. म्हणजे ‘१००० वॉट’ आणि ‘बिल पंख्याएवढं’ यातलं एक तरी खोटं असणारच. दोन्ही वाक्यं एकाखाली एक छापलेली होती, आणि मी दोन्ही वाचून खूश झाले होते.

दिवा आला. चौकोनी पेटी, दोन पंखे घरघरणारे, आणि उजेड जांभळा. मिरगाचा पाऊस सुरू झाला होता, त्याच दिवशी मी बी टाकलं. पाचव्या दिवशी उगवण छान झाली. इथेच गोम आहे. बी रुजायला उजेड फारसा लागत नाही, त्यामुळे पहिला आठवडा कसलाही दिवा चांगलाच वाटतो, आणि परत करायची मुदतही नेमकी सातच दिवसांची असते.

दुसऱ्या आठवड्यात रोपं लांबायला लागली. दोन पानांच्या खाली दोऱ्यासारखी बारीक मान, बोटभर उंच, आणि पाणी घातलं की आडवी. मी दिवा खाली घेतला, कोकोपीट बदललं, पाणी कमी केलं. जांभळ्या उजेडात पान काळपट दिसतं, त्यामुळे पिवळेपणा कळतच नव्हता. एकदा एक ट्रे पडवीत आणून पाहिला, तेव्हा दिसलं की पाला फिकट पोपटी पडलाय आणि मागच्या ओळीत रोपकूज धरलीय. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, रोप हातात घेऊन एवढंच म्हणाले, ‘अगं, हे उजेड शोधतंय.’ साठ वर्षं वाडी केलेला माणूस. मी ऐकलं नाही, कारण माझ्या डोक्यावर हजार वॉट होते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘कोकणात ह्युमिडिटी जास्त आहे मॅडम, फॅन वाढवा.’ मी आणखी एक पंखा घेतला. हवेत दमटपणा होताच, म्हणून त्याचं बोलणं खरं वाटलं.

चोविसाव्या दिवशी पाणी घालताना दिव्याच्या पेटीला ओला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी मेन बंद करून आमच्या वाडीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने मल्टिमीटर लावला. प्लगला तीन पिना होत्या, पण जाड पिनेपासून पेटीच्या पत्र्यापर्यंत जोडणीच नव्हती. अर्थिंगची पिन नुसती दाखवायला. पेटी उघडली तर हिरवी वायर आतल्या बाजूला कापून टेप लावून ठेवलेली. ‘वहिनी, हात ओला, जमीन ओली. नशीब म्हणायचं,’ तो म्हणाला. त्या खोलीत माझी मुलगी रोज रोपं बघायला जात असे. ती गोष्ट आठवली की आजही मला राग आवरत नाही. पैशांची फसवणूक वेगळी, हे जिवाशी खेळणं आहे.

मग त्यानेच विचारलं, ‘हा किती वॉटचा म्हणून दिला?’ मी आकडा सांगितला. तो काही न बोलता मीटरजवळ गेला. हे नीट वाचा, कारण याला कसलंही यंत्र लागत नाही. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं, तात्पुरती अर्थिंगची वायर जोडून एकटा दिवा चालू ठेवला, आणि दोघांनी घड्याळ लावून मोजलं. दहा मिनिटांत ५६ वेळा. म्हणजे तासाला ३३६, भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.१०५ युनिट, म्हणजेच १०५ वॉट. दिवा खरंच हजार वॉटचा असता तर ठिपका दहा मिनिटांत ५३३ वेळा लुकलुकला असता, जवळजवळ सेकंदाला एकदा.

दहा मिनिटांचं काम. ते पहिल्या दिवशी केलं असतं तर दिवा दुसऱ्या दिवशी परत गेला असता.

हजार हा आकडा येतो कुठून, तेही त्याच दुपारी कळलं. पेटीत दहा रांगा, प्रत्येक रांगेत दहा चिपा. एकेक चिप ‘दहा वॉटची’ म्हणायची आणि शंभराने गुणायचं. प्रत्यक्षात प्रत्येक चिप जेमतेम एका वॉटवर चालवलेली असते. दहा वॉटवर चालवली तर एवढ्याशा पत्र्यावर ती उष्णतेनेच मरेल. विक्रेत्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘हे हजार वॉट इक्विव्हॅलंट आहे.’ कशाच्या बरोबरीचं? मोठ्या हरितगृहांत वापरतात तो हजार वॉटचा सोडियम दिवा सेकंदाला १७०० मायक्रोमोलच्या (रोपाला लागणाऱ्या उजेडाचे कण मोजायचं माप) आसपास किंवा त्याहून जास्त उजेड देतो. आजचा चांगला एलईडी एका वॉटमागे अडीच ते तीन मायक्रोमोल देतो. माझ्या पेटीत तशा चांगल्या चिपा असत्या तरी १०५ वॉटमधून तीनशेच्या फार पुढे काही निघालं नसतं. बाहेर येणारा उजेड आत जाणाऱ्या विजेतूनच तयार होतो.

मायक्रोमोल म्हणजे काय, हे मला त्यानंतर शिकावं लागलं. कृषी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने समजावलं. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे, रोपासाठी नाही. रोप ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड वापरतं. दिवा तसा उजेड सेकंदाला एकूण किती देतो ते पीपीएफ, आणि पानांच्या उंचीवर एका चौरस मीटरला त्यातला किती पोचतो ते पीपीएफडी. लेट्यूसला पीपीएफडी २०० ते २५० आणि सोळा तास मिळाले तर काम होतं. जाहिरातीत ११५० लिहिलं होतं, पण कुठल्या उंचीवर आणि तंबूत कुठे, याचा पत्ता नव्हता. भाच्याने पीपीएफडी मोजायचा मीटर मागून आणला. दीड फुटावर मधोमध २१०, चार कोपऱ्यांत ४० च्या आसपास. माझे बहुतेक ट्रे कडेलाच होते. मोबाइलच्या लक्समीटर अ‍ॅपवर जांभळ्या उजेडाचं माप मिळत नाही, ते अ‍ॅप माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतं. पांढऱ्या एलईडीखाली मात्र लक्सला साधारण ६५ ते ७० ने भागलं की पीपीएफडीचा अंदाज येतो.

आणि ‘फुल स्पेक्ट्रम’, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड, असं सांगून जांभळा दिवा देणं, हीसुद्धा फसवणूकच. त्यात लाल आणि निळा तेवढाच होता. पान हिरवा उजेडही वापरतं. आणि पांढऱ्या उजेडात रोपाचा खरा रंग दिसतो. मला तो पहिल्या आठवड्यापासून दिसला असता तर रोपकूज तरी वेळेत कळली असती.

हिशोब मांडल्यावर लक्षात आलं की मला हजार वॉटची गरज मुळातच नव्हती. चार बाय चार फूट म्हणजे जवळजवळ दीड चौरस मीटर. २५० च्या हिशोबाने, कडेने वाया जाणारा धरून, ४०० मायक्रोमोल पुरतात. वॉटमागे अडीच मायक्रोमोल देणारा दिवा घेतला तर १६० वॉट झाले, दिवसाला अडीच युनिट. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न एवढेच, की भिंतीच्या प्लगमधून हा प्रत्यक्षात किती वॉट घेतो आणि याचा पीपीएफ किती. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. उत्तर साडेतीनच्या वर आलं तर समोरचा बहुधा थापा मारतोय. आकडाच दिला नाही तर फोन ठेवा. एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे चिपांना हवी तशी वीज पुरवणाऱ्या भागाला, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे, त्यावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. माझ्या पेटीवर कुठलाच क्रमांक नव्हता. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी ड्रायव्हर बंदिस्त, आयपी ६५ दर्जाचा (धूळ-पाणी आत न जाणारा) आहे का तेही विचारावं. खाऱ्या हवेने माझ्या पेटीचे स्क्रू महिनाभरात तांबारले. आणि दिवा कितीही चांगला असो, त्या खोलीच्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. आम्ही आता बसवला आहे.

पैशांसाठी मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यानंतर विक्रेत्याने ३,००० रुपये देऊन ‘मिटवून टाकू’ म्हटलं. मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहक नाही.’ तेही खोटं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू धरलेली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन अर्ज केला. सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, मीटर मोजतानाचा अखंड दहा मिनिटांचा व्हिडिओ आणि कापलेल्या हिरव्या वायरचे फोटो जोडले. स्क्रीनशॉट मी आधीच काढून ठेवले होते म्हणून बरं. तक्रार केल्यावर आठ दिवसांत त्या पानावरचं ‘१०००’ जाऊन ‘इक्विव्हॅलंट’ आलं.

श्रावणात पांढरा दिवा घेतला. लिहिलेलं १५० वॉट, आमच्या मीटरवर १४७. त्याच्याखाली लावलेल्या लेट्यूसची पहिली कापणी चाळिसाव्या दिवशी झाली. अण्णांनी एक गड्डा तळहातावर तोलून पाहिला आणि आत नेऊन ठेवला.

जुना दिवा पुरावा म्हणून त्याच्याच खोक्यात माळ्यावर आहे. प्लगच्या तिन्ही पिनांना मी लाल चिकटपट्टी गुंडाळलीय आणि मुलीला सांगून ठेवलंय, याला हात लावायचा नाही.