जळगावातील एका तपासणी केंद्रात केलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची चाचणी
खानदेशच्या उन्हाची एवढी ख्याती असताना ‘ड’ जीवनसत्त्वाची चाचणी करावी लागावी, याचे मला प्रथम हसू आले. परंतु दिवसभर दुकानात काचेआड बसणाऱ्याला त्या उन्हाचा उपयोग नसतो, कारण त्वचेत हे जीवनसत्त्व घडवणारे अतिनील ‘बी’ किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. केंद्रात रक्त सफाईने घेतले गेले, उपाशीपोटी येण्याचा आग्रह नव्हता आणि अहवाल सायंकाळी मिळाला. विशेष म्हणजे, यकृतात तयार होणारे व रक्तात दोन-तीन आठवडे टिकणारे २५-हायड्रॉक्सी रूपच त्यांनी मोजले. मूत्रपिंडात घडणारे क्रियाशील रूप मोजल्यास फसगत होते, कारण साठा घटला तरी गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक ते रूप टिकवून धरते. माझा आकडा १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे कमतरतेच्या २० या प्रचलित मर्यादेखाली निघाला. खटकले ते पुढे: काउंटरवरूनच ६०,००० युनिटची पुडी सुचवण्यात आली. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि त्याच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते. तेव्हा मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. दरही मला जास्तच वाटला.